एका कपापुरतं जातं

“दिवसाला एकच कप कॉफी,” असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आमच्या ह्यांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, “डॉक्टरसाहेब, कप केवढा?”

डॉक्टर तरुण. त्यांना वाटलं, पेशंट समंजस आहे, बारकाईने विचारतोय. त्यांनी हाताने माप दाखवलं. मी शेजारच्या खुर्चीवर बसून ह्यांचे डोळे पाहत होते आणि मला स्पष्ट दिसत होतं, की या माणसाच्या डोक्यात आमच्या घरातली भांडी एकेक करून हजेरी देऊन राहिली आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी हे माळ्यावरून एक मग काढून घासत बसले होते. त्या मगात एके काळी मी त्यांना दाढीचं पाणी द्यायची.

“हा भी कपच होय नं,” म्हणाले.

“मंग बादली भी कपच होय. कान नाही तिले, कडी आहे.”

दुखणं असं होतं, की ह्यांचं हृदय चालता चालता एखादा ठोका गाळायचं आणि मग भरपाई म्हणून दोन एकदम टाकायचं. गोळ्या सुरू झाल्या. मीठ कमी झालं, तेल कमी झालं, आणि त्या माणसाने हूं की चूं केलं नाही. पण कॉफी म्हणजे त्यांचा जीव. कोराडीच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये नोकरी, तीन पाळ्या, त्यातल्या रात्रपाळीने लावलेली ही सवय. निवृत्त झाले, आम्ही नागपुरात राहायला आलो, पाळ्या संपल्या, कॉफी संपली नाही. दिवसाला पाच कप. पाहुणे आले तर सहा. आणि पाहुणे यावेत म्हणून हे स्वतः फोन करायचे.

आठवडाभर घरात सुतक असल्यासारखं होतं. मग अचानक ह्यांना फिरण्याची आवड लागली. सकाळी एकदा, दुपारी उन्हात एकदा, संध्याकाळी एकदा. परत आले की चेहरा असा उजळलेला, की मला वाटलं, म्हातारपणी कोणी भेटली का काय. एकदा धुवायला शर्ट काढला तर खिशात साखरेच्या तीन पुड्या.

“कुठे गेले होते?”

“फिरायले.”

“फिरून आलं का माणसाले घाम येते. तुम्हाले साखरेच्या पुड्या येतात?”

आमची नात तेव्हा आमच्याकडेच राहून कॉलेजला जात होती, अजूनही जाते. ती हसून हसून सोफ्यावरून खाली घसरली. ह्यांनी पेपर उघडला आणि त्यामागे गेले. मीही हसले असते. पण त्याच आठवड्यात एका संध्याकाळी हे फिरून आले आणि जिन्यातच बसले. दुसऱ्या मजल्यापर्यंत चढताच येईना. मी खाली गेले तर छातीवर हात, ओठ पांढरे. डॉक्टरांनी या वेळी हाताने माप दाखवलं नाही. ठोके असेच बिघडत राहिले तर रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणाले, आणि ती जर मेंदूकडे गेली तर. त्यापुढचं वाक्य मी ऐकलं नाही. मी भिंतीवरच्या हृदयाच्या चित्रातल्या निळ्या नळ्या मोजत बसले.

मला भीती वाटली की मी चिडते. पण चिडून या माणसाचं काही होत नाही, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे. चहाचं वळण लावून पाहिलं तर म्हणाले, “याच्यापेक्षा गरम पाणी दे, त्याच्यात भेसळ तरी नसते.” तेव्हा मी दुसरा हिशेब मांडला. हा माणूस बाहेर तीन वेळा जातो म्हणजे घरचा एक कप पुरत नाही. तो एकच कप असा झाला पाहिजे, की दिवसभर बाहेरच्या कॉफीचं नावसुद्धा घ्यावंसं वाटू नये. ही युक्ती काही कॉफीपुरती नाही. बायका पिढ्यान्‌पिढ्या ती वेगवेगळ्या कामांना वापरत आल्या आहेत.

“मंग ताज्या बिया आणून घरी दळ,” नात म्हणाली. “पुडीतल्या पावडरीले काही अर्थ नाही आजी. वास उडून जाते.”

“मिक्सर आहे नं.”

“मिक्सरच्या कॉफीले मसाल्याचा वास येईन.”

एवढं ती बोलली आणि मला हसू फुटलं. तिला कळेना काय झालं. शेवटी मला ती गोष्ट सांगावी लागली, जी मी तोवर कोणालाच सांगितली नव्हती.

तर त्या वेळची मी. वय एकवीस, वेणी कमरेपर्यंत, अक्कल घोट्यापर्यंत. लग्न होऊन नागपुरातल्या महालाकडच्या विणकरांच्या गल्लीतून कोराडीच्या कॉलनीत आलेली. माहेरी हातमाग, घरभर सुताची धूळ, आणि आम्ही पोरी कांड्या भरायला, म्हणजे रहाटावर बोटाएवढ्या नळ्यांना सूत गुंडाळायला. कॉलनीत मी सांगायची, वडिलांचा कापडाचा व्यवसाय आहे. खोटं नव्हतं. फक्त सांगताना मी मान अशी वाकडी करायची की ऐकणाऱ्याला गिरणी दिसावी.

शेजारी एक दक्षिणेकडचं कुटुंब होतं. त्या घरातल्या बाईला सगळी कॉलनी अम्मा म्हणायची, वयाने ती माझ्याहून जेमतेम दहा वर्षांनी मोठी असेल. तिच्या खिडकीच्या फळीला दांड्याचं एक लोखंडी यंत्र स्क्रूने बसवलेलं होतं. सकाळी ती ते गरागरा फिरवायची आणि कॉफीचा वास आमच्या घरात यायचा. हे दाढी करता करता थांबून तो वास घ्यायचे. माझ्या मनात काय झालं असेल ते सांगायला नको. नवरा माझा आणि दाढी अडकतेय शेजारणीच्या खिडकीपाशी.

एकदा अम्मा गावाहून आली आणि मला रुमालात बांधून मूठभर बिया दिल्या. हिंदीत म्हणाली, “मेरे यहाँ आके पीस लेना.” साधं बोलली बिचारी. पण त्या वेळच्या मला तो अपमान वाटला. मी म्हटलं, “नको, आमच्याकडे आहे.” काय आहे ते तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आमच्याकडे खलबत्ता होता.

आता आमच्या माहेरच्या स्वयंपाकाचा एक नियम आहे. सावजी मसाला करायचा तर कोणतीही जिन्नस कच्ची कुटायची नाही. आधी लोखंडी कढईत तेलाचं बोट फिरवायचं आणि काळी होईस्तोवर भाजायची. धने असो, खोबरं असो, खसखस असो. जिच्या मसाल्याचा रंग काळा, ती सुगरण. मला काय माहीत की या बिया आधीच भाजलेल्या असतात. दिसल्या मात्र तपकिरी. मी मनात म्हटलं, अम्माला एवढी वर्षं कोणी सांगितलं नाही वाटतं, किती कच्च्या ठेवते. घातलं तेल, लावला जाळ, आणि त्या बिया कोळशासारख्या केल्या. धूर बाहेर गेला तेव्हा समोरच्यांना वाटलं, आज वीज केंद्राची चिमणी आमच्याकडे उतरली. मग त्या खलबत्त्यात कुटल्या. खलबत्त्यात आदल्या दिवशीचं दगडफूल आणि मिरी होतीच, पण ती झटकायची असते असंही मला कधी कोणी सांगितलेलं नव्हतं.

त्या रविवारी मी अम्माला आणि तिच्या यजमानांना बोलावलं. ट्रे, बशा, क्रोशाचा रुमाल. कॉफीवर चांगली बोटभर तर्री आली होती. पोह्यांवर घालतो ती तर्री, तशीच, चमकणारी. मला तर आनंदच झाला. आमच्याकडे तर्री आली म्हणजे पदार्थ साधला.

अम्माच्या यजमानांनी एक घोट घेतला आणि खिडकीतून बाहेर कुठेतरी लांब पाहिलं. अम्मा म्हणाली, “अच्छा है. थोड़ा तेज है.” आणि आमच्या ह्यांनी पूर्ण कप रिकामा केला, बशीत सांडलेलीही प्यायले, आणि म्हणाले, “भाकर आहे का?”

आणि त्या बह्याड, खुळ्या पोरीला काय वाटलं माहीत आहे? तिला वाटलं, सगळे भारावून गेले. पुढचे कितीतरी महिने ती कॉलनीभर सांगत होती, की माझ्या हातच्या कॉफीची बातच वेगळी. अम्मा शेजारी उभी राहून मान हलवायची. खरा प्रकार कळायला मला चार वर्षं लागली. अम्माच्या यजमानांची बदली झाली तेव्हा जाताना तिने मला आपला पितळी फिल्टर दिला आणि हळूच कानात सांगितलं, “भूनना मत.”

नात त्या दिवशी कॉलेजला गेली नाही. पोट दुखतंय म्हणाली, हसून हसून. खरंच दुखत होतं.

पण मिक्सर तरीही करून पाहिला. पोरीसमोर हार कशी मानणार. धुऊन पुसून, दोनदा तांदूळ फिरवून, मग नातीने आणलेल्या बिया घातल्या. निघालं काय, तर अर्धी धूळ आणि अर्धी गिट्टी. फिल्टरचं काम साधं असतं. वरच्या डब्यात पूड, तिच्यावर उकळतं पाणी, खालच्या डब्यात थेंब थेंब कॉफी. धुळीने भोकं बुजवली. पाणी वरच बसलं, खाली यायला तयार नाही. हे तासभर त्यासमोर खुर्ची घेऊन बसले. शेवटी म्हणाले, “मी जरा फिरून येतो.”

“बसा खाली,” मी म्हटलं, आणि चपला मी घातल्या.

आधी नातीला घेऊन महालात गेले, आमच्या जुन्या भांडेवाल्याकडे. माझ्या लग्नातली परात त्याच्या वडिलांनी दिली होती. आता हाही म्हातारा झालाय. गादीवर बसून त्याने माझं सगळं ऐकून घेतलं.

“कॉफीचं जातं?” म्हणाला. “ताई, पुरणयंत्र देऊ का?”

“पुरण नाही करायचं गा, कॉफी दळायची आहे.”

“तेच म्हणून राहिलो. बारीक जाळी आहे.”

“बिया आहेत त्या. दगडासारख्या.”

“मंग अडकित्ता न्या.”

त्याने खरोखर अडकित्ता पुढे ठेवला. नंतर शेवेचा सोऱ्या, नंतर मिरीची लाकडी चक्की, तिचा दांडा त्याच्याच हातात आला. तो दांडा त्याने शांतपणे गल्ल्यात टाकला आणि विचारलं, “चहा काहून पित नाही तुम्ही लोक?” तेवढ्यात त्याच्याकडे चहा आला होता. आम्हालाही मिळाला. चांगला होता. हे मी घरी सांगितलं नाही.

मग नात मला आमच्या घराजवळच्या रामदासपेठेत घेऊन गेली. ह्यांचं हृदय जिथे दाखवतो त्या दवाखान्याच्या अगदी समोर, काचेच्या दाराचं एक कॉफीचं दुकान. आम्ही इतक्यांदा त्या दवाखान्यात गेलो आणि मला ते दिसलं नव्हतं. ह्यांना दिसलं होतं. काउंटरवर एप्रन घातलेली एक मुलगी होती, समोरच्या दवाखान्यातल्या पेशंटसाठी कॉफी दळायचं यंत्र हवं म्हटल्यावर तिने सहज सांगितलं, “एक काका येतात रोज, दवाखान्यातून आलोय म्हणतात, स्ट्रॉंग द्या म्हणतात.” नातीने माझा हात दाबला. मी म्हटलं, “त्यांच्यासाठीच घ्यायचं आहे. आता नाही येणार ते.”

तिने दळायची तीन यंत्रं मांडली. किंमत ऐकल्यावर मला मटकन खाली बसायचं होतं, पण तिथली स्टुलं इतकी उंच, की बसायला आधी चढावं लागतं. चढेस्तोवर धक्का ओसरला.

पहिलं होतं बटणाचं, आत फिरणारं पातं. ते मी लगेच बाजूला सारलं. तो मिक्सरच होता, फक्त इंग्रजी शाळेत गेलेला. दुसरं मोठं, विजेवर चालणारं, पोटात दोन दातेरी चकत्या. तिसरं हाताचं, पोलादी नळीसारखं, मुठीत मावणारं, वर दांडा. त्याच्याही पोटात तसंच, एक दातेरी भाग स्थिर आणि दुसरा त्याच्यात फिरणारा.

“म्हणजे जातं,” मी म्हटलं.

“इंग्रजीत याला ‘बर’ म्हणतात,” ती म्हणाली.

“तू बर म्हण. मी जातंच म्हणीन.”

तिने दोन्हीत थोडं थोडं दळून दोन कागदांवर पूड ठेवली. तिला वाटलं, मी वास घेईन. मी डोळे मिटले आणि चिमूट अंगठा आणि बोटामध्ये घोळली. माझे वडील सुताचं असंच करायचे. व्यापारी लडी आणायचा, वडील डोळे मिटून धागा घोळायचे आणि सांगायचे, याच्यात दोन मालांची भेसळ आहे, परत ने. मला वाटलं होतं माझ्या बोटातून ते केव्हाच गेलं. पण दुसरी चिमूट घेतली आणि मी म्हटलं, “हे मोठं कितव्या नंबरवर ठेवलं आहे? याच्यात जाड-बारीक मिसळून राहिलं.”

तिने उघडून पाहिलं. चकती खरंच एका बाजूला सैल बसली होती. ती माझ्याकडे अशी पाहायला लागली, जसं कॉलनीत कोणीतरी एकदा तरी पाहावं अशी माझी इच्छा होती. मग काय विचारता. अहंकार चढला की माझं वय एकवीस होतं. मी म्हटलं, आता नीट परीक्षा होऊ दे. दोन्ही यंत्रं, प्रत्येकाचे निरनिराळे नंबर, प्रत्येकाची कॉफी. तिने चकती बसवली, दळलं, गाळलं, समोर ठेवलं. आता घोट घेऊन उरलेली टाकून द्यायची असते म्हणे. टाकून द्यायची? माझ्या आईने ताटात शीत टाकू दिलं नाही. मी प्रत्येक कप तळापर्यंत प्यायले. लहानसेच तर होते, नैवेद्याच्या वाटीएवढे.

चौथ्या कपाला मला सगळं जग फार आवडायला लागलं. सहाव्याला मी शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी जोडप्याला सांगितलं, की लग्न करून टाका, पण आधी याला रात्रपाळी आहे का ते विचारून घ्या. आठव्याला मी काउंटरच्या आत होते आणि त्या मुलीला रहाट कसा फिरवायचा ते दाखवत होते. तिचा हात कोपरातून हलत होता, मी म्हणत होते, “मनगट, पोरी, मनगट.” नववा कप कोणी दिला मला आठवत नाही. यंत्र मात्र ठरेना. एकदा वाटे विजेचं, एकदा वाटे हाताचं. शेवटी काहीच न घेता आम्ही निघालो, आणि मी दवाखान्यासमोरचा रस्ता नातीचा हात सोडून ओलांडला. ती म्हणते, धावत. मी म्हणते, लगबगीने.

घरी पोचून मी दोन पंखे पुसले. मग डाळीचे डबे उतरवून घासले. मग दिवाळीला ज्या बहिणीशी भांडले होते तिला फोन करून माफ केलं. ती म्हणाली, चूक तुझी होती, तर तेही मान्य करून टाकलं. मग राहवेना म्हणून पुडीतल्या पावडरीचे दोन कप करून प्यायले, तुलना करायला. आणि मग स्टुलावर उभी असताना छातीत कोणीतरी माग चालवायला लागलं. खटाखट, खटाखट. मी खाली उतरले आणि जमिनीवरच बसले.

हे आतून आले. “अवं, तुह्या तोंडाले काय झालं?”

“काही नाही.”

“घाम येऊन राहिला तुले.”

“फिरून आली,” मी म्हटलं.

ते हसले नाहीत. हे घाबरलेत, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्यांनी रिक्षा बोलावली, स्वतःची फाइल बगलेत मारली, कारण दवाखान्यात जायचं म्हणजे तीच फाइल न्यायची एवढंच त्यांना माहीत, आणि मला जिन्यावरून उतरवताना माझा दंड इतका घट्ट धरला की त्याचा वळ दोन दिवस होता. ज्या जिन्यात हे स्वतः बसले होते, त्या जिन्याच्या पायऱ्या ते आता मला मोजून दाखवत होते. “अजून पाच. अजून चार. घाई नको करू वं.”

तेच डॉक्टर. त्यांनी पट्ट्या लावल्या, कागदाची लांब पट्टी निघाली, ती त्यांनी वर-खाली पाहिली. “ठोके नियमित आहेत, फक्त फार जोरात आहेत. आजी, आज काही वेगळं खाल्लं-प्यायलं?”

मी छताकडे पाहिलं. नात म्हणाली, “दुकानात नऊ आणि घरी दोन.”

“नऊ काय?”

तिने खिडकीतून बोट दाखवलं. डॉक्टरांनी बाहेर पाहिलं, समोरचं काचेचं दार पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ ते पट्टी दुमडत होते. तोंड वळवून दुमडत होते, म्हणून मला कळलं की हसत होते. मग म्हणाले, “ठोके उतरेपर्यंत पडून राहा. आणि उद्यापासून तुम्हालाही दिवसाला एकच कप.”

मी तिथे दोन तास पडून होते. हे बाहेर बाकावर होते. नंतर नातीने मला सांगितलं. बाकाला लागूनच कॉफीचं मशीन आहे, बटण दाबलं की पेला भरतो. दोन तास त्याला खांदा लावून हे बसले होते. कोणीतरी येत होतं, बटण दाबत होतं, वास येत होता. हे दाराकडे बघत होते. नातीने मुद्दाम विचारलं, “आजोबा, देऊ का एक? आजी आत आहे, तिले नाही समजणार.” तर म्हणाले, “तू असं किती वेळा बसली वं इथे, तुह्या आजीसंगं?” ती म्हणाली, “मी दोनदा. आजी दर वेळी.”

घरी जाताना रिक्षात मी वाट पाहत होते, की आता मला टोमणे बसणार. अकरा कपांवर माणूस आयुष्यभर टोमणे मारू शकतो. मी जागा पाहून सरकूनही बसले. पण हे नुसते माझं मनगट धरून बसले होते आणि ओठ हलत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेतात. ते ठोके मोजत होते.

दोन दिवसांनी हे नातीला घेऊन गेले आणि यंत्र घेऊन आले. हाताचं. मी विचारलं, “विजेचं काहून नाही आणलं? हे फिरवून फिरवून हात दुखन.”

“जन्मभर वीज बनवली. आता एका कपासाठी लागते का?” म्हणाले. मग खुर्चीवर बसून, गुडघ्यात ती नळी धरून, फिरवायला लागले. मनगटातून. पाच मिनिटं झाली, सात झाली. खोलीभर वास सुटला. मधेच थांबून झाकण उघडायचे, नाक आत घालायचे, परत फिरवायचे. “हे बरं आहे,” म्हणाले. “फिरवता फिरवता अर्धा कप प्यायल्यासारखंच वाटते. तो डॉक्टर मोजत नाही.”

त्या दिवसापासून दोन्ही कपांचं दळण त्यांच्याकडे. आधी माझ्या कपापुरतं, मग त्यांच्या. फिरणं सुरू आहे, पण आता सोबत मी असते आणि खिशात रुमाल असतो. ठोक्यांची पट्टी तेव्हापासून दोनदा निघाली. दोन्ही वेळा डॉक्टरांनी ती ह्यांना दाखवली आणि म्हणाले, “चालू ठेवा.”

मागच्या महिन्यात उमरेडला ह्यांच्या चुलतभावाकडे साखरपुडा होता. हे ते यंत्र पिशवीत घालून घेऊन गेले. मांडवात निवृत्त मंडळींचा घोळका जमला. एकाने विचारलं, “सुपारी फुटते का गा याच्यात?” हे म्हणाले, “हात नको लावू गा. घासल्या जाईन.” सगळ्यांना फिरवायला दिलं, एकेकाला चार वेढे, पाचवा नाही.

संध्याकाळी जावेने ट्रे फिरवला. दूध आटवून केलेली कॉफी, वर जायफळ किसलेलं, वाफ येत असलेली. आमच्याकडे आग्रह म्हणजे आग्रह. नाही म्हटलं तर यजमानीण बाजूला जाऊन डोळे पुसते आणि पुढच्या लग्नापर्यंत लक्षात ठेवते. ती ह्यांच्यासमोर उभी राहिली.

“घ्या नं भाऊजी, तुमच्यासाठीच केली. तुम्हाले आवडते म्हणून दूध दुपारपासून ठेवलं होतं.”

मी ह्यांच्याकडे पाहत होते. मांडवात पन्नास माणसं होती, पण मला फक्त तो हात दिसत होता. तो वर आला आणि जोडला गेला.

“माफी द्या वहिनी. सकाळी झाला माहा.”

“एवढ्याशाने काय होते?”

“मले काही होत नाही. हिचे ठोके वाढतात,” म्हणाले. जाऊबाई गोंधळून माझ्याकडे वळली. ट्रे माझ्या नाकासमोर आला. जायफळ, वेलची, वरची साय. हे तिकडे वळून कोणाशी तरी बोलत होते, असं मला वाटलं. माझा हात कपापर्यंत पोचलाही होता.

“तिचाही झाला,” ह्यांनी मान न वळवता सांगितलं.

मग त्या हाताने मी पदर नीट केला.